पापणीला सोसेल तेवढाच दाब

बेकरीत वर्षानुवर्षं मैदा मळून तिचे दंड असे भरले होते, की अख्खी गल्ली तिला ‘पैलवान’च म्हणायची. ती पैलवान आता बेकरी सोडून घराच्या मागच्या खोलीत हलक्या हाताने अंग मोकळं करायची थेरपी सुरू करणार, हे ऐकून गल्ली हसून हसून बेजार झाली.

पहिलं गिऱ्हाईक सख्खी आत्या. शाळेची बस चालवून मान धरलेली, आणि तोंडाचा पट्टा कायम सुरू. आत्या ‘भारी’ म्हणाली तर खोली चालणार. ‘थोतांड’ म्हणाली, तर संपलंच सगळं!

“झोपले बाई पालथी. दाखव तुझी करामत.”

तिने मानेखाली अंगठे टेकवले, कातडी जराशी सरकवली आणि स्नायूवरून अंगठे अलगद आडवे फिरवले. दोन्ही बाजूंना एकेकदा. बस्स! निघाली दाराकडे.

“ए! माशी बसली का गं पाठीवर?”

“मीच होते, आत्या.”

“मग चाललीस कुठे?”

“बाहेर. आता तुझं अंगच आपलं आपण सैल होईल. मी समोर असले की तू गप्पा हाणत बसशील.”

“वा! म्हणजे काम माझं आणि नाव तुझं?”

बाहेर पॅसेजमध्ये तिच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. थेरपी शिकवणाऱ्या बाईंनी तिला आधी नापास केलं होतं ते याच दोन गोष्टींत. दाब फार, धीर कमी.

ती परत आत आली, खांद्यांवर अंगठे ठेवले.

“अगं, जोर लाव की! पैलवान ना तू?”

हात नुसते शिवशिवले. एक सणसणीत रेटा दिला असता, तर आत्या तिथल्या तिथे खूश झाली असती. पण तिने स्वतःचा डोळा मिटून पापणीवर बोट टेकवलं. इथे जेवढं सोसवतं तेवढंच, बाई म्हणायच्या. तेवढाच दाब दिला आणि पुन्हा बाहेर.

आत चिडीचूप.

आत्या, आणि गप्प? तिने फटीतून डोकावलं. स्टिअरिंगसारखी टेबलाची कड आवळून धरलेली आत्याची मूठ उलगडून खाली लोंबत होती. कानांना भिडलेले खांदे उतरले होते. आणि पोट? खुशाल गुरगुरत होतं! अंग सैल पडल्याची खूणच ती. तोंडावर हात दाबून ती पॅसेजमध्येच नाचली.

थोड्या वेळाने आतून आवाज आला. आत्या फोनवर नवऱ्याशी बोलत होती.

“नाही हो, जादूबिदू काही नाही. मान अजून धरलीय थोडी. पण इतकं हलकं वाटतंय ना, उठवतच नाहीये! पुढच्या आठवड्यात तुमची पाठ पण आणते इथे.”

ती धावतच आत गेली. “आत्या, मग गल्लीत सांगशील ना?”

“सांगेन की. पण आधी माझी वेळ लिहून ठेव. नाहीतर माझाच नंबर लागायचा नाही!”