कोलंबोत हातावर ठेवलेला गूळ

आमची हुबळीच्या बाजारात गुळाची अडत. घरात कोणीही आलं की आधी हातावर गुळाचा खडा पडायचा, मग पाण्याचा तांब्या, आणि त्यानंतरच 'काय काम काढलंत?' हा प्रश्न. म्हणून मी विमानाने सिलोनला निघालो तेव्हा आईने माझ्यावर जी कामगिरी सोपवली, तिचं घरात कोणालाच नवल वाटलं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. माझा थोरला भाऊ, अण्णा, कापडाच्या व्यापारात कोलंबोला गेला आणि तिथेच एका सिंहली मुलीशी लग्न करून राहिला. तेव्हापासून आईने त्याचं नाव टाकलं होतं. माझ्याशी मात्र त्याचा पत्रव्यवहार होता, आणि एके दिवशी त्याने मला चक्क विमानाचं तिकीट पाठवलं. 'जग एकदा वरून बघ,' एवढंच सोबत लिहिलं होतं.

निघताना आईने हातावर दही घातलं आणि म्हणाली, "त्याचं घर कसं, कमाई काय, मला काही सांगू नको. दारात गेल्यावर तिनं तुझ्या हातावर काय ठेवलं, तेवढं सांग. गूळ-पाणी दिलं तर दोघांना बोलावून घेते. नुसता चहाचा कप पुढं केला, तर विषय संपला बघ."

"अण्णाला आधी कळवू काय?"

"कळवून मिळालेला गूळ मला नको."

मद्रासपर्यंत रेल्वे. विमानतळावर पहिली फजिती झाली. सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात हे मला ठाऊक नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या ढेपा तोलल्या, आज मीच काट्यावर! कारकुनाने माझ्या वळकटीकडे बोट दाखवून विचारलं, "ही कशाला?"

"झोपायला."

"दुपारी पोचाल तुम्ही," तो म्हणाला, आणि मागचे दोन साहेब खो खो हसले. वळकटी मद्रासलाच ठेवावी लागली. अण्णासाठी घेतलेली गुळाची ढेप मात्र मी काही केल्या सोडली नाही.

विमानात कानात कापूस घालून बसलो. आवाज एवढा की रामरक्षा म्हटली ती माझी मलाच ऐकू आली नाही. सेतूची बेटं खाली दिसली तेव्हा हात आपोआप जोडले गेले. पण मन आईच्या प्रश्नातच अडकलं होतं. सिंहली बाईला आमच्या गूळ-पाण्याचं काय माहीत? अण्णा तरी असल्या गोष्टी लक्षात ठेवणारा कुठे होता!

रत्मलाना नावाच्या गावी उतरलो. गवताचं मैदान, सभोवती माडच माड आणि एक पत्र्याची शेड. जकातीच्या अधिकाऱ्याने ढेपेचं फडकं सोडलं, सुरीने कपची काढली, चाखली आणि खुशीत म्हणाला, "हकुरू!" मला वाटलं, काहीतरी दंड सांगतोय. पण त्याने आणखी एक कपची तोंडात टाकली आणि मला जाऊ दिलं.

अण्णा कुठेच दिसेना. विमान वेळेआधी आलं होतं. शेवटी विमान कंपनीच्या मोटारीत बसून शहराकडे निघालो. डाव्या हाताला माडांमधून समुद्र दिसत राहतो आणि त्याच्या कडेकडेने आगगाडी धावते. रस्ता आपल्या हुबळीबाहेरच्या रायापूरच्या रस्त्यासारखा सरळ, पण धूळ नावालाही नाही. शहाळी, पिवळी केळी, छत्र्या घेतलेल्या बायका, सगळं न्हाऊन बसल्यासारखं हिरवंगार. एरवी मी हरखून गेलो असतो. त्या दिवशी मात्र मी मांडीवरच्या ढेपेचं फडकं पुन्हा पुन्हा सोडून बांधत होतो.

कोटात (शहराचा साहेबी भाग) मोटारीने सोडलं. तिथून माणसाने ओढायची रिक्षा केली. गडी जोरात पळायला लागला तसा मी घाबरून, सवयीने कानडीत ओरडलो, "निधान, अण्णा!" (सावकाश, दादा!) तो तमिळ माणूस वळून हसला, त्याच्या भाषेतही शब्द तसेच असावेत, आणि खरंच सावकाश चालू लागला. परमुलखात तेवढ्यानेही बरं वाटलं.

अण्णाचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. दार वहिनीने उघडलं. सावळी, ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची. अण्णा मला आणायला गेला होता, आमची चुकामूक झाली, हे तिने हातवाऱ्यांनी सांगितलं. मला बसवून ती आत गेली. चुलीचा आवाज आला, मग चहाचा वास. संपलं, मी मनात म्हटलं.

ती कप घेऊन आली. बिनदुधाचा, बिनसाखरेचा काळा चहा. मी कप घेतला. तिने माझा दुसरा हात धरून उघडला आणि तळव्यावर एक काळसर खडा ठेवला.

"हकुरू," ती म्हणाली.

तोंडात टाकला. गूळ होता! तिकडच्या झाडाच्या रसाचा, धुरकट चवीचा, पण गूळच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती बिचारी घाबरली.

अण्णा धापा टाकत आला, त्याला मी पहिलं हेच विचारलं. "मी नाही रे शिकवलं," तो म्हणाला. "इथं चहा असाच पितात. एक घोट घ्यायचा, एक तुकडा चावायचा. आपलं गूळ-पाणी मी तर विसरूनच गेलो होतो."

परतीच्या सगळ्या वाटेवर मी आईपुढे काय बोलायचं ते जुळवत होतो. गूळ मिळाला, पाणी नाही. जे मिळालं तेही तिकडची रीत म्हणून.

हुबळीला घरात पाऊल टाकलं. आईने गूळ-पाणी दिलं, मी पाणी पिईपर्यंत थांबली आणि मग समोर येऊन बसली. मी काही लपवलं नाही. काळा चहा सांगितला, खडा सांगितला, अण्णाचं बोलणंही सांगितलं.

"त्यानं शिकवलं नव्हतं म्हणतोस?"

"नाही."

"तिच्याच मनानं हातावर ठेवला?"

"हो."

आईने माझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला.

आज मुंबईहून कुठेकुठे विमानं जातात, लोक पेपर वाचत बसतात. मला त्या प्रवासातला समुद्र, माड, सगळं आठवतं. पण त्याहून जास्त आठवतो तो आईचा आवाज.

"तिनं पाणी तेवढं तापवून दिलं, एवढंच की नाही?" ती म्हणाली. "पत्र लिही. तिला ये म्हणावं. तिच्या मागनं तो येईलच."