चौदा इंचांचा फरक

ड्रॉइंगकाका पहिल्यांदा आमच्या दारात आले ते मुदत संपलेलं एटीएम कार्ड मागायला. बालीगंजच्या त्या बंगाली वस्तीतल्या इमारतीत आम्हाला येऊन आठवडाच झाला होता. पांढरा सदरा, खिशाला तीन पेन्सिली, आणि स्वच्छ मराठीत विचारणा, "निकामी कार्डं असतील तर द्याल का? चालू नकोत." माझा नवरा बँकेतला. कुणालाही कार्ड देऊ नका, हे गिऱ्हाइकांना सांगण्यात त्याचा निम्मा दिवस जायचा. त्याने दार अर्धं लोटून घेतलं. तेव्हा काकांनी खुलासा केला, "विमान लांब करायचंय. चार पूर्णांक चौऱ्याण्णव मिलिमीटर."

ते खिदिरपूरला गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाले होते. तेविसाव्या वर्षी नाशिकहून आले आणि इथलेच झाले. लग्न केलं नाही. त्यांचं आडनाव मराठी मंडळींतही फारसं कुणी वापरत नसे. 'साधारण' हा शब्द त्यांना सोसत नसे. गणपतीच्या जेवणाला पन्नासेक माणसं येतील असं कुणी म्हटलं, की काका शांतपणे विचारत, "पन्नासेक म्हणजे किती?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नसत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "पहिली रेघ खोटी काढली, की तिच्यावर उभी राहिलेली प्रत्येक रेघ खोटी."

पहिली दोन कार्डं द्यायला मी खाली त्यांच्याकडे गेले तेव्हा खिडकीपाशी, टेबलावर ते विमान पाहिलं. करड्या प्लॅस्टिकचं, पंखांच्या पुढे करवतीने दोन तुकडे केलेलं. त्यांचा धाकटा भाऊ शेखर हवाई दलात नेव्हिगेटर होता. तीसेक वर्षांपूर्वी (काकांनी अर्थातच वर्षं, महिने सगळं सांगितलं होतं) सरावाच्या उड्डाणात विमान समुद्रात पडलं. काहीच मिळालं नाही. शेखर होता तो कॅनबेरा जातीच्या विमानावर, पण फोटो काढणाऱ्या. तसल्या विमानाचा जोडणीसंच काकांना कुठे मिळाला नाही. मिळाला तो बॉम्बरचा. फोटोवालं विमान बॉम्बरपेक्षा चौदा इंच लांब. बहात्तर पटीने लहान केलं की उरतात पाच मिलिमीटरला जरा कमी. तेवढी चकती मध्ये बसवायची, पोटाखालची बॉम्बची दारं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायची, घासून सपाट करायची आणि त्या जागी कॅमेऱ्यांच्या खिडक्या कोरायच्या. माझी आणि इतर शेजाऱ्यांची मिळून सात कार्डं त्यांनी एकावर एक चिकटवली आणि पॉलिश पेपरवर घासायला घेतली.

आतल्या खोलीत त्यांची आई असायची. त्र्याण्णव वर्षांची, दृष्टी गेलेली. शेखर गेल्यावर काकांनी त्यांना नाशिकहून आणलं होतं. दिवसभर सांभाळायला आया यायची. आया बदलत राहायच्या आणि आजी प्रत्येकीला आपल्या तोडक्या बंगालीत तेच सांगायच्या, "आमार छेले छोबी तुलतो. बोमा फेलतो ना." माझा मुलगा फोटो काढायचा, बॉम्ब टाकायचा नाही. मलाही त्यांनी सांगितलं. शेखर हवाई दलात निघाला तेव्हा त्यांनी दोन दिवस अन्न सोडलं होतं. पुढे त्याने पत्र लिहिलं, "आई, आमचं विमान फक्त फोटो काढतं. माझ्या हातून कुणाच्या घरावर काही पडणार नाही." ते पत्र आल्यावर आजींनी देवापुढे साखर ठेवली. "मग मला घोर नव्हता," त्या म्हणाल्या. "गेला, पण हात स्वच्छ घेऊन गेला."

रविवारी सकाळी मी काकांकडे जाऊन बसू लागले. ते घासत, मोजत, पुन्हा घासत. एकदा चकती चिकटवून झाली आणि मोजली तर पाच पूर्णांक एक भरली. त्यांनी ती उपसून काढली. मी म्हटलं, "काका, एवढासा फरक कुणाला दिसणार?"

"मला दिसतो," ते म्हणाले. "आणि आईच्या बोटांना काय कळतं, ते तुम्हाला ठाऊक नाही."

विमानाचा क्रमांक तेवढा मिळत नव्हता. घरात एकच फोटो, त्यात शेखर विमानापुढे उभा आणि त्याच्या खांद्यामागे शेवटचे दोन आकडे झाकलेले. मी संगणकातली, म्हणून काकांनी मला विचारलं, "एवढा नंबर शोधून द्याल?" जुन्या विमानांची आवड असलेल्यांचा एक गट मला इंटरनेटवर सापडला, आणि त्यातून शेखरला ओळखणारे एक निवृत्त अधिकारी. मी त्यांना ईमेल लिहिली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पहिल्याच ओळीत फोटोतल्या विमानाचा क्रमांक होता. मी पुढचं न वाचताच कागद छापून घेतला आणि खाली धावले. उभ्या-उभ्याच मोठ्याने वाचायला लागले. इंग्रजी पत्र होतं.

दुसऱ्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं की त्या आठवड्यात शेखर तात्पुरता त्यांच्या तळावर आला होता. तिथल्या एका बॉम्बरचा नेव्हिगेटर तापाने पडला, म्हणून शेखर त्याच्या जागी बसला. बॉम्बफेकीचा सराव होता आणि बॉम्ब सोडणं हे नेव्हिगेटरचंच काम. इथे मी थांबले.

"वाचा," काका म्हणाले.

शेखरने टाकलेले चारही बॉम्ब अचूक पडले होते. पहिल्याच दिवशी असा नेम कुणाचा लागत नाही, म्हणून तळावर सगळे त्याचं कौतुक करत होते. परत फिरताना विमान समुद्रात गेलं. त्या भल्या माणसाने शेवटी लिहिलं होतं : त्याच्या आईला हे कळवा, तिला अभिमान वाटेल.

आतून आजींचा आवाज आला, "काय लिहिलंय रे?"

काकांनी माझ्या हातातला कागद घेतला, त्याची नीट चौघडी केली. "विमानाचा नंबर कळला, आई."

त्यानंतर दीड महिना त्यांनी विमानाला हात लावला नाही. मी गेले की चहा व्हायचा, हवापाण्याचं बोलणं व्हायचं. एकदा मात्र टेबलाकडे बघत म्हणाले, "हे पुरं केलं तर खोटं होतं. बॉम्बर केलं तर आईच्या हातात काय देऊ?" विमान झालं का, असं आजी रोज विचारत होत्या आणि रोज थोडं कमी जेवत होत्या. शेवटी काकांनी ते पुरं केलं. करडा रंग, काळे आकडे, सगळं जिथल्या तिथे.

आजींच्या हातात दिलं तेव्हा मी तिथे होते. त्यांनी पंखांवरून, शेपटीवरून बोटं फिरवली. मग विमान उलटं केलं.

"कॅमेरे कुठे?"

काकांनी त्यांचं बोट धरून खिडकीवर टेकवलं. "इथे."

"आणि बॉम्बची दारं?"

"नाहीत, आई."

आजींनी पोटाखालून अंगठा दोनदा फिरवला. "अगदी गुळगुळीत आहे रे," त्या म्हणाल्या. काका उठून गॅलरीत गेले.

आजी कार्तिकात गेल्या. दिवसकार्य झाल्यावर मी खाली गेले, तर काका टेबलापाशी बसले होते. पुढे विमान पालथं. बुजवलेली दारं पुन्हा कोरायला घेतली होती त्यांनी. पातं घसरून पोट उभं चिरलं होतं आणि कार्डांची चकती उघडी पडली होती. "आता खरं करायला हरकत नव्हती," ते म्हणाले. "पण आत सगळी लांबीच आहे. दार उघडणार कुठून?" त्यांनी टेबल पुसायला घेतलं. भुकटी कागदावर गोळा केली, पेन्सिली आकारमानाने लावल्या. दुसरा संच आणायचा का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले.

पुढच्या वर्षी नवऱ्याची पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले. इतके महिने गिळलेलं शेवटी बोलून टाकलं, "काका, मी ती ईमेल पाठवायला नको होती."

"तुम्ही फक्त नंबर विचारलात," ते म्हणाले. "बाकीचं त्यांनी आपणहून लिहिलं. त्यात तुमचा काय दोष?"

मी मान हलवली, त्यांना नमस्कार केला. खाली टॅक्सी उभी होती. मी फक्त नंबर विचारला नव्हता. शेखरच्या शेवटच्या उड्डाणाबद्दल जे काही आठवत असेल ते सगळं कळवा, असं मी आगाऊपणे लिहिलं होतं. उत्तर छापलं, तेव्हा त्याच्याखाली माझ्या मूळ ईमेलमधलं ते वाक्यही छापलं गेलं होतं. तो कागद पहिल्या दिवसापासून काकांकडेच होता.