सासऱ्याच्या नावावर माजा गुडघा

बसा. च्या उकळंस्तवर माजी फजिती मीच सांगतो, न्हाईतर गावातलं दुसरं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगंल.

ही गोष्ट लढाईच्या सालातली. मी तवा टपालाचा रनर व्हतो. रनर म्हंजी ठावं न्हाई? आवं, पलूसात टपालाची पिशवी खांद्यावर घ्यायची, घुंगराची काठी वाजवत खिंड चढायची आन डोंगरापल्याड टेकवाडीच्या शाळंत मास्तरकडं पोचती करायची. शाळामास्तरच तिथला पोस्टमास्तर. आन टेकवाडीच माजी सासुरवाडी!

काय तो रुबाब! खाकी कोट, पट्ट्यावर पितळी बिल्ला. घुंगरू वाजलं की बाया कवाडात उभ्या ऱ्हायच्या. आता त्या माज्यासाठी न्हवं, कागदासाठी यायच्या. पर बघायच्या तर माज्याकडंच की!

आन एक दिस उजवा गुडघा कुरकुराया लागला. चढताना गप. उतरताना मातर वाटीच्या मागं कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटायचं. उकिडवं बसून उठलो की कटकन वाजायचा. बायकोनं बिब्ब्याचा चटका दिला. दुखणं हाय तिथंच ऱ्हायलं, वरचं कातडं तेवढं सोलून निघालं.

कुणाला सांगावं तर नोकरीची धास्ती. लंगडा रनर सरकार कशाला पोसंल? मग एका सुट्टीला गुपचूप सांगली गाठली. पलटणीतनं आलेला एक डाक्तर व्हता, त्येच्याकडं गेलो.

“काय होतंय?”

“मला कुठं काय? सासऱ्याचा गुडघा दुखतोय.”

आवं, निघून गेलं तोंडातनं! डाक्तरनं चष्मा वर केला.

“चढताना दुखतो की उतरताना?”

“उतरताना. लय जीव जातो माजा... म्हंजी त्येंचा!”

“तुम्हाला बरंच बारीकसारीक ठाऊक आहे.”

“आमचं लय पटतं, डाक्तरसायेब.”

डाक्तर हसला. म्हणाला, “मांडी थकली की वाटी नीट सरकत नाही, घासते. खाटेवर पडून राहू नका म्हणावं. थोडे दिवस डोंगर बंद, सपाटीला चालायचं. पाय सरळ ताणायचा, मांडी घट्ट करायची, दहा मोजून सोडायची. पण रोगी बघितल्याशिवाय मी औषध देत नाही. नाव-गाव सांगा त्यांचं.”

सांगितलं की! मामा, म्हंजी माजं सासरं, डोंगरापल्याड, डाक्तर सांगलीत. दोघांची गाठ कशाला पडतीया? दोघांच्या मधी टपाल असतंय, आन त्ये टपाल मीच वाहतोय, एवढं काय माज्या टकुऱ्यात शिरलं न्हाई.

चार दिसांनी टेकवाडीत पिशवी टाकली. मास्तरनं शिक्का फोडला. ओसरीवर मामा बसलेलं. गाव त्यास्नी तात्या म्हणायचं. साठी उलटलेला गडी. थोरला पोरगा लढाईवर, म्हून रोज पिशवीची वाट बघायचं.

“पोराचं हाय का वो, मास्तर?”

“नाही तात्या. सांगलीच्या डॉक्टरचं कार्ड आहे.”

मास्तरनं समद्यांम्होरं खणखणीत वाचलं. आपल्या जावयांनी आपल्या गुडघ्याची हकिगत सांगितली. या वयात असे व्हायचेच. डोंगर चढू-उतरू नये. उकिडवे बसू नये. एकदा दाखवून जावे.

मामा तवा उकिडवंच बसलं व्हतं.

“आगं बया, तात्याचा गुडघा गेला?” एक म्हातारी वराडली. कोण एरंडाचं पान आणाया पळालं, कोण मामांना धरून उठवाया लागलं. मामांनी त्येचा हात झिडकारला.

“जावईबापू, माजा गुडघा दुखतोय?”

आता तरी खरं बोलावं का न्हाई? पर म्होरं मास्तर बसलेला, सरकारचा माणूस! मी म्हणालो, “मामा, तुमी सोसताय. सांगत न्हाई.”

झालं! मामांनी धोतराचा काचा मारला. “चला! खिंडीतल्या म्हसोबापातूर जायाचं आन परत यायचं. कुणाचा गुडघा दुखतोय त्ये गावाला दिसू दे.”

न्हाई म्हणायची सोय हाय का? निघालो. चढताना मी म्होरं, मामा मागं. मनात म्हणलं, शिरपा, जिंकलास गड्या! म्हसोबाला हात लावला, वळलो, आन गुडघ्यात खिळा बसला. मामा माज्या बाजूनं धाड धाड उतरून गेलं. मी आदी आडवा उतरलो. त्येबी सोसंना, मग पाठमोरा झालो. खाकी कोट, पितळी बिल्ला, आन सरकारचा रनर पाठमोरा गावात शिरतोय!

पोचलो तर मामा तंबाखू मळत बसल्यालं. मास्तरनं कार्ड माज्या हातात दिलं.

“शिरपा, पत्र बरोबर आलंय. पत्ता तेवढा चुकलाय.”

गाव पोट धरून हसलं. मामा हसलं न्हाईत. मी खालमानेनं म्हणालो, “नोकरी जाईल म्हून बोललो न्हाई, मामा.”

“आवं, लेक दिलीया तुमास्नी, मग गुडघ्याचं मला सांगाया काय झालतं?” आन मास्तरकडं वळलं, “ह्येंचा पाय बरा हुईस्तवर बदलीवर मला घ्या. पिशवी मी आणतो.”

मास्तरनं तिथंच रजेचा कागद लिवला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माज्या. असला सासरा मिळाया नशीब लागतंय!

मग तीन आठवडे मी जोत्यावर पाय ताणून बसायचो आन बायको दहा मोजायची. सातावर आली की भाकरी उलटाया आत जायाची. मी आपला मांडी आवळून तसाच! पर गुडघा सुधारला. खिळा गेला, कटकट गेली. तिकडं मामा रोज पिशवी माज्यापरीस अर्धा तास आदी टाकत्यात, असं कानावर यायचं.

रजा संपली त्या दिशी पट्टा आवळला, बिल्ला चिंचंनं घासला आन जो सुटलो, जो सुटलो! खिंड एका दमात चढलो, उतरताना तर जमिनीला पाय लागत न्हवतं. उभ्या नोकरीत असा कवा धावलो न्हवतो. छाती काढून मास्तरम्होरं पिशवी टाकली.

मास्तरनं घड्याळाकडं बघितलं. मग माज्या गुडघ्याकडं बघितलं. मग लय मायेनं म्हणाला,

“अजून दुखतोय का रे? मग कशाला आलास? तात्या आणखी आठ दिवस पिशवी आणायला तयार आहेत.”