पेटीचा कब्जा

गुडीहत्नूरच्या बाजारात नागोराव दुकानदाराला हिंदीत म्हणाला, "सेठ, पेटी का कब्जा दो. अच्छा वजनदार." सेठने दोन लोखंडी बिजागऱ्या, एक कडी-कोयंडा आणि मूठभर स्क्रू कागदात बांधून दिले. एवढीच गोष्ट.

बिजागरीला इकडे सुतार, दुकानदार, सगळेच कब्जा म्हणतात. पण शेजारच्या टपरीवर चहा गाळणाऱ्या फकिराने अर्धंच ऐकलं आणि दुपारी खुशालच्या हातात कप देता देता सांगून टाकलं, "मामा, नागोराव बुढ्यानं पेटीचा कब्जा घेतला म्हणते."

खुशालची उभी नोकरी तहसिलीत गेलेली. कब्जा या शब्दाचा त्याला एकच अर्थ ठाऊक होता: ज्याचा कब्जा त्याची जमीन, बाकीच्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या. त्याने कप तसाच फळीवर ठेवला आणि उन्हातच निघाला.

ती पेटी म्हणजे गावच्या नाटक मंडळीची सागवानी पेटी, मंडळी मोडल्यापासून नागोरावच्या छपरीत नुसती ठेवलेली. काय मंडळी होती ती! गॅसबत्त्या फुसफुसायच्या, पडदा ओढणारा पोरांवर खेकसायचा आणि खुशाल रंगमंचावर आला की बाया पोरांचं रडणं विसरायच्या. खुशाल नायक, सालगड्याचा पोरगा. नागोराव खलनायक, गावाचा देशमुख. शेवटच्या प्रवेशात पोरगा देशमुखाच्याच पेटीत लपायचा, देशमुख आत कोण आहे हे न कळता झाकण आपटायचा, पोरगा त्याचा डाव ऐकायचा आणि ऐन वेळी झाकण उडवून बाहेर यायचा. त्या एका उडीसाठी लोक नार्नूरकडून बैलगाड्या जुंपून यायचे.

एका खेळाला ते झाकण उडालंच नाही.

वरून पडणाऱ्या झाकणाबरोबर पुढची कडीही खाली आली आणि नेमकी कोयंड्यात बसली. आतून खुशालने धक्के मारले, बुक्क्या मारल्या. बाहेर पब्लिक पोट धरून हसलं. कडी काढली तेव्हा नायकाचा फेटा सुटलेला आणि मिशी गालावर आलेली. दुसऱ्या दिवसापासून गावाने त्याला 'पेटीबंद' हे नाव लावलं. तहसिलीत बढती झाली, पोरं नोकरीला लागली, केस पिकले, पण नाव सुटलं नाही. खुशालने पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. नागोरावनेच जाणूनबुजून कडी घातली, असं त्याने मनात धरलं, आणि सगळ्या गावानेही धरलं. नागोराव पोटासाठी सुतारकी करत होता ना, मग कडीची करामत दुसऱ्या कोणाची असणार? लोक लग्नाच्या पंगतीतही त्याला म्हणायचे, "दगाबाज देशमुख, जरा भात वाढा!" तो भात वाढायचा, पण स्वतः तिथे जेवायचा नाही.

यंदा नागोरावच्या नातीने, प्रगतीने, तेच नाटक पोरींना घेऊन जयंतीला करायचं ठरवलं. संवाद लिहिलेले कुठेच नव्हते, होते ते फक्त खुशालच्या डोक्यात. ती विचारायला गेली तर त्याने दारातूनच सांगितलं, "तुह्या आज्याले विचार. त्याले कड्या घालता येतात."

ते ऐकून नागोराव बाजारात गेला होता. मरायच्या आधी त्याला एकच गोष्ट खुशालच्या गळी उतरवायची होती: कडी त्याने घातली नव्हती.

खुशाल त्याच्या अंगणात आला तेव्हा नागोराव छपरीत पेटीला चिकटून बसला होता. गंजलेले जुने कब्जे काढून बाजूला टाकलेले. नव्या कब्ज्याची पट्टी लाकडावर धरून पेन्सिलीने रेघ मारलेली, आणि त्या रेघेच्या आत पटाशीने खाच घ्यायचं चाललेलं. हातोडीचे ठोके बारीक, पटाशीखालून निघणारे छिलके कांद्याच्या सालीसारखे पातळ. खाच पट्टीच्या जाडीइतकीच हवी. जास्त खोल गेली तर झाकण अडून बसतं, उथळ राहिली तर फट राहते.

"कोणाच्या हुकमानं?" खुशाल गरजला. आवाज अजून शेवटच्या ओळीपर्यंत पोचेल असाच होता.

नागोरावने पटाशी थांबवली नाही. "काय कोणाच्या हुकमानं?"

"कब्जा! मंडळीची चीज हाये ते. तुह्या बापाची नाय. पंचनामा करीन. पेटी उचलून नेईन."

"उचल. खालून धर, झाकण धरलं तं कंबर जाईल."

"मस्करी करून राह्यला?"

चंद्रभागा, नागोरावची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने खुशालकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या कागदाकडे. "भाऊजी, थो कब्जा नाय, हा कब्जा," म्हणत तिने दुसरी बिजागरी उचलून त्याच्यापुढे फडफडवली. "घ्या, करा याचा पंचनामा."

खुशालचं तोंड वासलेलं राहिलं. तो आला होता मोठ्या भांडणासाठी, आणि इथे चार बोटांचं लोखंड निघालं. त्याने तांब्या घेतला नाही. परत जाणंही बरं दिसेना. शेवटी तो बोलला, "लावा, लावा. कड्या लावाचा तुमाले जुना शौक हाये."

आता नागोरावने पटाशी खाली ठेवली.

"म्या घातली नोयती."

"मंग भुतानं घातली?"

"झाकण आपटलं म्या. तूच म्हणे, जोरात आपट, पब्लिक दचकलं पायजे. आपटलं. कडी झाकणाले होती, थे लटकत आली अन् बसली."

"इतक्या वरसानं सुचलं?"

"दुसऱ्याच दिवशी सांगाले आलो होतो. तू दार लावून घेतलं. अन् आतून कडी घातली."

चंद्रभागा पदराआड हसली. खुशालने तिच्याकडे असं पाहिलं की तिने हसू गिळून टाकलं.

नागोराव पुन्हा कामाला लागला. गिरमिटाने भोकं पाडली, स्क्रू साबणावर घासले, पेचकसाने एकेक हळूहळू आवळत नेला. एका हाताचं मनगट दुसऱ्या हाताने धरून तो फिरवत होता. कडीची पाळी आली तेव्हा त्याने ती उलटी बसवली. कोयंडा झाकणाच्या जाड काठाला, कडी खाली पेटीच्या अंगाला. सोडली की ती आपल्या वजनानेच खाली लोंबकळत राहिली.

"उलटी लावली," खुशाल म्हणाला. नजर काही हटत नव्हती.

"सामानाच्या पेटीले थी तशी. माणूस बसते त्या पेटीले ही अशी. आता कोणी उचलून घातल्याशिवाय पडत नाय. पाय, दाखवतो."

म्हाताऱ्याने धोतर सावरलं, काठ धरून एक पाय आत टाकला, मग दुसरा. गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि वरून झाकण ओढून घेतलं. धाडकन आवाज झाला. आतून ढकलून उघडलं, पुन्हा आपटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं. कडी दरवेळी हलली आणि खालीच राहिली.

"पायलं?" आतून आवाज आला.

 बाहेर लोखंड बारीक खणखणलं. खुशालने वाकून कडी उचलली होती. ती कोयंड्यात बसली.

"भाऊजी!" चंद्रभागा ओरडली.

"थांब तू." खुशालचा श्वास फुलला होता. त्याने झाकणावर थाप मारली. "मार आता बुक्क्या! मार ना!"

आत अंधार, सागवानाचा वास आणि जुन्या रंगाचा तेलकट दर्प.  बाहेर कोणी हसत नव्हतं, तरी नागोरावला अंगभर घाम फुटला. हसत असते तर, हा विचार आला आणि त्याने डोळे मिटले.

"काऊन मारत नाय?"

"कोण हसाले बसलंय इथं? पब्लिक आणतो का?"

झाकणावरून हात घासत खाली गेल्याचं ऐकू आलं. मग कडी निघाली. झाकण उचलल्यावर उजेड आत सांडला आणि खुशालचा उलटा, लाल चेहरा वर दिसला. त्याने हात पुढे केला नाही. नागोराव काठ धरून, कण्हत, एकटाच उठला.

"पोरीले धाड संध्याकाळी," खुशाल म्हणाला. "संवाद सांगतो. तुह्यं तोंड मले तालमीत दिसलं नाय पायजे."

"नाय दिसत."

खुशाल अंगण ओलांडून गेला. कवाडाशी थांबला, मागे न वळता ओरडला,

"अन् त्या कब्ज्यायले तेल टाक! कुरकुरून राह्यले."