उभं राहण्यापुरती जागा

“ते बघ, रोहित पक्षी!” मी होडीत उभा राहून बायकोला ओरडून सांगितलं. नावाडी हसला. “काका, ते जाळ्याला बांधलेलं थर्माकोल. यंदा थवा आलाच नाही. पाऊस लांबला, धरण तुडुंब आहे. उथळ पाणीच नाही, उभे कुठं राहतील?”

पुढे एका बुडत्या उंचवट्यावर एकच रोहित दिसला. देशांच्या हद्दी ओलांडून आलेला, एकटा. नावाड्याने इंजिन बंद केलं. “जवळ नको. उडाला तर परत यायचा नाही.”

पाहुण्याला आधी पाणी द्यायची आपली रीत. इथे पाणीच जास्त झालं होतं. मला परदेशातली आमची लेक आठवली. दोन वर्षं आलेली नाही. तिच्या खोलीत मी माझ्या पुस्तकांची खोकी रचून ठेवली आहेत.

परतताना ही एवढंच म्हणाली, “उद्या ती खोकी हलवा. आली तर उभी कुठं राहील?”