भार पेलणारी भिंत

मिस्त्रीने उभ्या आयुष्यात लोकांच्या घरांना किती खिडक्या पाडून दिल्या, याची मोजदाद त्याने स्वतःही ठेवली नव्हती. आणि त्याच्याच घरातलं स्वयंपाकघर मात्र असं, की भरदुपारी दिवा लावल्याशिवाय मीठ कुठलं आणि साखर कुठली ते कळू नये. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संसाराच्या सुरुवातीला बायको सारखी मागे लागायची, "ओट्यासमोर एक लहानशी खिडकी पाडून द्या हो. धुराने डोळे चुरचुरतात." हा म्हणायचा, "हे काम हातावेगळं होऊ दे." एकदा खरंच एक चांगली चौकट आणून त्याने जिन्याखाली ठेवली. बायकोने ती पुसूनबिसून ठेवली. मग एका गिऱ्हाइकाची घाई निघाली आणि चौकट तिकडे गेली. पुन्हा विषय निघाला तेव्हा हा दमून आला होता. वैतागून म्हणाला, "अगं, ती भार पेलणारी भिंत आहे. भोक पाडलं तर छत डोक्यावर येईल!"

ती भिंतीकडे बघत राहिली. "असं होय," म्हणाली, आणि त्यानंतर तिने खिडकीचं नाव काढलं नाही. मागणं थांबलं म्हणजे गरज संपली, असा सोयीस्कर अर्थ मिस्त्रीने लावला. नवऱ्यांना असले अर्थ लावायला वेळ लागत नाही.

पुढे तर ती आल्यागेल्याला ती भिंत दाखवायची. "आमच्या घराचा सगळा भार हिच्यावर आहे बरं का! हिला हात लावायची सोय नाही." बायका माना डोलवायच्या. मिस्त्रीला तेवढ्यात बाहेर काहीतरी काम आठवायचं.

ती गेल्या वर्षी गेली. मिस्त्रीचे गुडघे बोलू लागले होते आणि घर खायला उठत होतं. मुलगी, जावई, नात दोन खोल्यांत दाटीवाटीने राहत होते. हे घर विकलं तर सगळ्यांना पुरेल अशी जागा घेता येणार होती, आणि त्यात याला स्वतःची खोली. मिस्त्रीने आपणहून होकार दिला होता.

दलाल आला, घरभर फिरला आणि विकण्याआधी काय काय करून घ्यावं ते सांगू लागला. बाहेरून रंग. न्हाणीघरात नव्या फरश्या. कुरकुरणारं दार. मिस्त्री सगळ्याला हो म्हणाला, आणि गुडघे चोळत चोळत त्याने ती कामं केलीही. पण गिऱ्हाइकं यायची, बाहेरच्या खोलीत खूश व्हायची, स्वयंपाकघरात डोकावायची आणि "कळवतो" म्हणून जायची ती जायचीच.

"काका, इथे खिडकी काढा," दलाल म्हणाला. "घर हातोहात जाईल."

"नाही जमणार," मुलगीच बोलली. "ती भार पेलणारी भिंत आहे. आई सांगायची."

मिस्त्री वाकून नळाची गळती तपासू लागला. नळ गळत नव्हता.

मग त्याने नाना उपाय सुचवले. पांढरा रंग देऊ, आणखी एक दिवा लावू. मुलगी शेवटी चिडली. "बाबा, तुम्हाला घर विकायचंय की नाही?" त्याला विकायचं होतं. लेकीच्या घरातली ती खोली त्याला हवी होती. फक्त लेकीने आपल्याला खोटारडा म्हणून ओळखू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

लेकीने त्याला न विचारता त्याच्या कामावरच्या जुन्या जोडीदाराला बोलावलं. हे घर दोघांनी मिळूनच बांधलं होतं. जोडीदाराने भिंतीवर हातोडीने टकटक केलं आणि म्हणाला, "अगं, वजन सगळं खांबांवर. ही नुसती खांबांमधली भर. आणि भार असता तरी वर तुळई टाकून खिडकी निघतेच की. तुझ्या बापाने शंभरदा केलंय."

मुलीने बापाकडे पाहिलं. बाप जमिनीकडे बघत होता. ती जोडीदाराला "पाडा" एवढंच म्हणाली.

सकाळी हातोडा पडला आणि दुपारच्या जेवणाआधी चौकट उभी राहिली. एवढंच काम होतं. समोर शेजारच्यांचं लिंबाचं झाड होतं, ते मिस्त्रीने आपल्या स्वयंपाकघरातून पहिल्यांदाच पाहिलं. उजेड सरळ ओट्यावर पडला. जिथे ती जन्मभर उभी राहिली, तिथली फरशी झिजून खोलगट झाली होती. मिस्त्री बाहेर पायरीवर जाऊन बसला.

पुढच्याच आठवड्यात एक जोडपं आलं. बाई थेट खिडकीशी गेली. "अय्या, किती छान! तुमच्या आईंचा सगळा वेळ इथेच जात असेल नाही?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. त्याच्या आधी मुलगी म्हणाली, "हो. आईची फार लाडकी खिडकी ही."

सौदा ठरला. माणसं गेल्यावर मिस्त्रीने विचारलं, "खोटं कशाला बोललीस?"

"तुम्हाला लोकांसमोर मान खाली घालावी लागू नये म्हणून. आईने तेच केलं ना जन्मभर?"

"म्हणजे?"

"तिला माहीत होतं, बाबा." मुलगी म्हणाली. "तुमचे जोडीदार काका एकदा चहाला आले होते तेव्हा तिने त्यांना भिंतीचं विचारलं होतं. काका म्हणाले, आज पाडून देतो. तर ही म्हणाली, नको, यांचा शब्द खोटा पडेल. मिस्त्रीच्या घरात खिडकी नाही म्हणून कोणी हसायला नको, म्हणून सांगत सुटायची भाराबिराचं. काकांनी परवा सांगितलं मला."

मिस्त्रीला वाटलं, लेकीने आता ओरडावं, चार शिव्या द्याव्यात. ती ओरडली नाही. तिने डोळे पुसले आणि बापाला चहा हवा का विचारलं.

तो हो म्हणाला. तिने ओट्यावर आधण ठेवलं. वाफ खिडकीतून सरळ बाहेर गेली आणि मिस्त्री तोंडात पंचा कोंबून रडू लागला.