सोललेलं संत्रं

इंग्रजीच्या निबंधात काळजीत पडलेला माणूस दाखवायला मी 'वरीड'च्या आधी ओळीनं अकरा वेळा 'व्हेरी' लिहिलं. एवढी मी हुशार! नापास झाले. पुन्हा नापास झाले तर शाळा बंद, असं बाबांनी बजावलं.

आज संत्र्याच्या वासानं सौंसरचे ते दिवस आठवले. १९५६ साल, भाषेवरून प्रांतांची नवी वाटणी चालली होती. बाबांची नोकरी नागपूरकडे जाणार की भोपाळकडे, ठाऊक नव्हतं. बाबा संत्रं सोलत, फोडी ओळीनं मांडत अन् एकही न खाता उठून जात. फेरपरीक्षेत मी तेवढंच इंग्रजीत लिहिलं. 'वरीड' कुठेच नाही. फेरपरीक्षेला बसलेल्यांत पहिली आले!

बाबांनी निबंध वाचला, चष्मा पुसला अन् म्हणाले, "मले वाटे तू अभ्यास करून राहिली, अन् तू तं मलेच वाचून राहिली होती! शीक पोरी, आता कितीबी शीक."